हंगाम लांबला

आमच्या भावोजींना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात. कॉलेजात रोइंगचे कोच आहेत ते, तीसेक वर्षं झाली. होडीत आठ जण एकामागे एक बसतात आणि जो ज्या जागेवर बसला तोच त्याचा नंबर, तेच त्याचं नाव. रस्त्यात एखादा टक्कल पडलेला, पोट सुटलेला गृहस्थ समोर येऊन म्हणतो, "सर, ओळखलंत का?" भावोजी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात आणि एकदम ओरडतात, "अरे, सहा नंबर! उजवा खांदा पाडायचास तो!" तो बिचारा बायको-पोरांदेखत लाजून चूर. पाण्यावर भोंग्यातून बोलायची सवय, त्यामुळे आवाज असा की पलीकडच्या फुटपाथवरची माणसंही वळून बघतात.

मी त्यांची वहिनी, थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन या घरात आले तेव्हा भावोजी स्वतः कॉलेजात होते आणि होडीत बसत होते. घर दोन मजली, पण चिंचोळं. खाली मी आणि आमचे हे, वर एका खोलीत भावोजी. त्यांनी लग्न केलं नाही. मी खूप मागे लागले, मुली दाखवल्या, घसा कोरडा केला. तर म्हणायचे, "पहाटे साडेचारला उठणारा नवरा कुणाला हवाय, वहिनी?" मी म्हटलं, मग वहिनीला बरा चालतो साडेचारला उठणारा दीर! त्यावर नुसते हसले. त्यांच्या पहाटेच्या चहाला मी उठत आले ती तेव्हापासून. हे गेले त्याला आता तीन वर्षं होतील. खाली मी एकटी, वर ते एकटे, मध्ये जिना.

रोइंगचा हंगाम संपला की काय होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. थंडीच्या तोंडावर शेवटची शर्यत झाली, सत्राच्या परीक्षा झाल्या, मुलं आपापल्या घरी गेली, की होड्या पुसून, घासून, रंगाचा हात देऊन उलट्या टांगून ठेवायच्या. ते काम पंधरा दिवसांत उरकतं. मग कॉलेजवाले बोटहाऊसला कुलूप ठोकतात, किल्ली ऑफिसात जाते आणि दोन महिने आमचे भावोजी माझ्या डोक्यावर मिरे वाटायला मोकळे. पायपुसण्यावरच्या चपला एका रेषेत लावतील. मी झाडू मारत असले की दारात उभं राहून म्हणतील, "घाई नको, वहिनी. फटका लांब घ्या. परत येताना हात सैल." एकदा मी तो झाडूच त्यांच्या हातात दिला. म्हटलं, घ्या, दाखवा करून. तर खरंच सगळं घर झाडलं आणि वर किती वेळ लागला तेही घड्याळात बघितलं.

पण दुपारी कधी वर चहा घेऊन गेले की खिडकीशी बसलेले दिसायचे. रस्त्याकडे बघत, हात मांडीवर. एकदा म्हणाले, "मुलं पाण्यात असली की मी कोच. मुलं गेली की मी कोण, ते मला दरवर्षी नव्याने कळत नाही." मी कप पुढे सरकवला. म्हटलं, चहा घ्या, गार होतोय.

असो. यंदाचं सांगते.

आमचे चिरंजीव दुसऱ्या गावात असतात, गाडीने दिवसभराचा प्रवास. सूनबाईंना दिवस गेले. तिला आई नाही, त्यामुळे सगळी भिस्त माझ्यावर. मुलगा फोनवर हटूनच बसला, "आई, आता तू इकडेच ये. नुसती बाळंतपणापुरती नाही, कायमची. तिथे एकटी काय करतेस?" मी जेवायला वाढत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता. समोर भावोजी जेवत होते. मी म्हटलं, "येते रे. पण तुझ्या काकाचा हंगाम चाललाय. पहाटे उठून चहा-डबा कोण करून देईल? हंगाम संपला की येते."

खरं सांगायचं तर चहा भावोजींना येतो. माझ्यापेक्षा बरा येतो. मला जायचं होतं आणि जायचं नव्हतं, एवढीच त्यातली गोम. नातवंडाचं तोंड बघायचं होतं. पण हे घर, हा जिना, पहाटे वरून खाली येणारी ती पावलं, हे सोडून तिथल्या सातव्या मजल्यावर जायचं म्हटलं की पाय निघायचा नाही. भावोजींनी मीठ मागितलं, तेवढंच.

शर्यत झाली, परीक्षा झाल्या. दरवर्षीप्रमाणे भावोजी होड्या घासायला जात होते. अंगाला रंगाचा वास यायचा. तो वास गेला तरी ते पहाटे उतरून खाली आले. गळ्यात शिट्टी, डोक्यावर कानटोपी.

"अजून कसला सराव?" मी विचारलं.

"यंदा लांबलंय," ते चपलेकडे बघत म्हणाले. "एक मोठी शर्यत पुढे ढकललीय. मुलींची होडी न्यायचीय."

मी विश्वास ठेवला. थापा मारायला डोकं लागतं आणि भावोजींचं सगळं डोकं पाण्यात. शिवाय दिवसभर घरात झाडूवर लेक्चर नाही, म्हणून मला हायसंच वाटलं. मुलाला कळवलं, अरे, यंदा लांबलंय. तो चिडला. चिडू दे म्हटलं.

आणि रोज रात्री जेवताना सरावाच्या बातम्या! चार नंबर वल्हं पाण्यात टाकायला उशीर करते. सात नंबरच्या तळहाताला फोड आले, पण पोरगी हूं की चूं करत नाही. एक आणि दोनचं भांडण झालंय, तोंड बघत नाहीत एकमेकींचं. मी म्हणायचे, मागेपुढे बसतात तर तोंड बघायचा प्रश्नच कुठे येतो? भावोजी इतके हसायचे की ठसका लागायचा. मी त्या पोरींना पाहिलंही नव्हतं, तरी मला चार नंबरची काळजी लागून राहिली. सकाळी डबा देताना सांगायचे, "तिला रागावू नका हो फार." हे गेल्यापासून या टेबलावर एवढं बोलणं झालं नव्हतं.

मग एक दिवस औषधांच्या दुकानात गेले. काउंटरवर दुकानदारीणबाई स्वतः होत्या. बोलता बोलता कळलं, त्यांची मुलगी कॉलेजच्या होडीत असते. मी कौतुकाने विचारलं, कितव्या नंबरवर? म्हणाल्या, चार. मी तर खूशच झाले. म्हटलं, "बाई, तिला सांगा, वेळेत वल्हं टाक म्हणावं. सर रोज रात्री तिचीच गोष्ट सांगतात."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "कुठली गोष्ट? अहो, बोटहाऊसला कुलूप लागून सव्वा महिना झाला. आमच्या बाईसाहेब दुपारपर्यंत लोळत असतात."

"आणि ती पुढे ढकललेली शर्यत?"

"कसली शर्यत? कुठलीच शर्यत नाहीये आता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. औषध काउंटरवरच विसरून घरी आले. सव्वा महिना! सव्वा महिना मी थंडीत कुडकुडत साडेचारला उठते, चहा उकळते, थर्मास भरते आणि हा माणूस मला शेंडी लावतो! संध्याकाळी ते आले तेव्हा जिभेवर शब्द तयार होते. पण म्हटलं थांब. आधी बघू तरी, हे जातात कुठे.

दुसऱ्या दिवशी ते बाहेर पडले तशी मीही शाल गुंडाळून मागोमाग निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. ते पूल ओलांडून नदीकाठच्या पायवाटेने सरळ बोटहाऊसपाशी गेले. दाराला हे भलंमोठं कुलूप. त्यांनी ते एकदा हातात धरून ओढून बघितलं, लागलंय ना म्हणून, आणि पायरीवर बसले. मी पंपाच्या खोलीआड उभी. पाण्यावर काही नव्हतं, ना होडी, ना माणूस. त्यांनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि अगदी एकेक घोट घेत बसले. संपू नये असा.

जरा उजाडलं तसे त्यांचे ओठ हलताना दिसले. स्वतःशीच बोलत होते. मध्येच बोट उचलायचे, मान हलवायचे, एकदा तर हसले. मला आधी कळेना. मग लक्षात आलं. रात्रीच्या जेवणाची बातमी तयार करत होते. आज चार नंबरचं काय झालं, ते मला सांगायला.

तिथेच मला रडू आलं, सरळ सांगते. राग कुठल्या कुठे गेला. हंगाम संपला की मी जाणार, म्हणून या वेड्या माणसाने हंगाम संपूच दिला नव्हता. राहा म्हणायला तोंड उघडलं नाही, रोज पहाटे थंडीत येऊन बसला. आणि त्याहून खरं म्हणजे मला बरं वाटलं. या वयात कुणाला तरी मी इतकी हवी आहे, हे कळून बरं वाटलं. मी गुपचूप घरी परतले. वाटेतच ठरवलं, ताकास तूर लागू द्यायची नाही. लांबू दे हंगाम. वर्षभर लांबू दे.

दोन दिवस गेले. मी मुद्दाम जास्त प्रश्न विचारायचे. दोन नंबरचं भांडण मिटलं का? फोड बरे झाले का? भावोजी खुलून सांगायचे.

तिसऱ्या दिवशी जेवताना मुलाचा फोन आला. स्पीकरवरच घेतला. पोराचा आवाज बदललेला. डॉक्टरांनी सूनबाईंना पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं होतं. रक्तदाब वाढलेला, दिवस भरायच्या आत बाळंत होईल म्हणाले होते. हा ऑफिस सांभाळू की हिला, अशा पेचात. "आई, मला काही सुचत नाहीये गं," तो म्हणाला. "काकाचा हंगाम संपला का?"

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. सांगायला लाज वाटते, पण तयार होतं. नाही रे बाळा, अजून आठवडाभर तरी लागेल. तोवर बाई लाव एखादी. भावोजींच्या थापेला मी माझी थाप जोडणार होते. तोंड उघडलं सुद्धा.

"संपला," भावोजी म्हणाले.

आवाज नेहमीचा, भोंग्यातला नाही. हळू.

"आजच संपला रे. तुझी आई उद्याच्या गाडीने निघतेय. मी बसवून देतो."

फोन बंद झाला.  मी म्हटलं, "मग? कशी झाली शर्यत?"

"दुसरे आलो."

"किती होड्या होत्या?"

"दोन."

हसावं की रडावं कळेना. मी ताटं उचलली. त्यांनी ओटा पुसला, लांब फटका घेऊन, कोपऱ्यापर्यंत.

सकाळी स्टेशनवर त्यांनी माझी बॅग वर ठेवली, पाण्याची बाटली हाताशी ठेवली. खिडकीची जागा गाडी जाते त्या दिशेला तोंड असलेली बघून घेतली होती. उलटं बसलं की मला मळमळतं, हे त्यांना माहीत. पूर्वी हे, मी आणि भावोजी शर्यतींना जायचो, तेव्हा उलट्या दिशेची खिडकी कायम भावोजींची. म्हणायचे, "वल्हवणारा माणूस जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतो, वहिनी. त्याला फक्त मागे राहिलेलं दिसतं. आम्हाला सवय आहे." मी म्हणायचे, तुमची सवय तुम्हाला लखलाभ.

ते खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. आता नाही तर कधीच नाही म्हणून मी बोलले. "भावोजी, मी बघितलं तुम्हाला. बोटहाऊसच्या पायरीवर."

त्यांचा चेहरा पडला. पोरासारखे बुटांकडे बघायला लागले. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात? एकदा राहा म्हटलं असतं तर राहिले असते मी."

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "म्हणून तर म्हटलं नाही."

शिट्टी झाली. गाडीला हिसका बसला तशी मी उठले आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले, खिडकीशी, उलटी. भावोजींनी बघितलं. हातवारे करून सांगायला लागले, तिकडे नको, मळमळेल, इकडे बसा. मी ऐकलं नाही. फलाट संपेपर्यंत ते दिसत होते, पुढे वळण आलं तिथवर दिसत होते, कानटोपी घातलेले, हात अजून वरच. मग नदी आली, पूल आला, लांबवर बोटहाऊसचं हिरवं दार दिसलं आणि तेही गेलं. माझ्या पोटात ढवळायला लागलं होतं. समोरच्या बाई म्हणाल्या, त्रास होत असेल तर इकडे सरळ बसा ना. मी म्हटलं, नको, मला इथेच बसू दे.