बुरुजावरचा एक तास

ट्रॅव्हल ऑफिसात त्याला सगळे मिनिटराव म्हणायचे. सहल आखावी तर त्यानंच! त्यातही द्राक्षमळ्यांची ती जुनी दरी हा त्याचा खास प्रांत. टेकडीवरचा पडका किल्ला, नदीवरचा दगडी पूल, तीनशे वर्षांची तळघरं आणि त्यांत ओळीनं मांडलेली वाईनची पिंपं. कुठे किती वाजता पोहोचायचं, कुठल्या खिडकीशी बसायचं, कुठलं स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ, सगळं तोंडपाठ. आणि गंमत अशी, की एकवीस वर्षांत या गड्यानं त्या दरीत पाऊल टाकलं नव्हतं. त्याला गाडी लागायची. दोन वळणं झाली की चेहरा पिवळा, तिसऱ्याला पिशवी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पण हाकायचा मात्र नेटानं. परत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला समोर बसवून तो एकच विचारायचा, "काय चुकलं?" आणि ऐकलेलं पेन्सिलीनं आखणीच्या समासात लिहायचा. 'तळघराला चौसष्ट पायऱ्या, डावीकडे कठडा नाही.' 'दुपारी पुलावर ऊन डोळ्यांवर येतं.' काहीच चुकलं नाही, असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं. माणसंच ती, खोट काढल्याशिवाय त्यांना पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात कुठे?

बायको वर्षानुवर्षं मागे लागली होती. "अहो, एकदा जाऊ या ना. गोळी घ्या, पुढच्या सीटवर बसा." हा म्हणायचा, "बघू." बघू म्हणजे नाही, हे तिला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं.

मग एका सकाळी ती ऑफिसात आली, टोकन घेतलं आणि चार माणसांमागे गुमान बसून राहिली. तिचा नंबर आला तेव्हा यानं मान वर न करताच विचारलं, "बसा. किती जण?"

"एक."

आवाज ओळखीचा! त्यानं वर पाहिलं, तर समोर बायको!

"अगं, हे काय?"

"कामाच्या वेळेत अगं नको," ती म्हणाली. "मंगळवारी निघायचं, गुरुवारी परत. डावा गुडघा दुखतो, तेवढं ध्यानात ठेवा."

शेजारच्या टेबलावरच्या तिकिटवाल्या बाईंनी हसू लपवायला फाइलीत तोंड घातलं.

त्यानं आखणी केली आणि जीव ओतून केली. पायऱ्या टाळून तळघराच्या मागचा उतार, पुलावर सकाळची वेळ, जेवायला मळ्याकडे तोंड करून असलेलं टेबल. एकाच जागी त्यानं लबाडी केली. किल्ल्याच्या बुरुजावर एक बाक आणि भणाण वारा, बाकी काही नाही. समासात कुणा गिऱ्हाइकाची तक्रारही होती, 'एकट्याला खायला उठतं.' सगळ्यांना तो तिथे दहा मिनिटं द्यायचा. हिला त्यानं एक तास दिला. बसू दे बाकावर, बघू दे शेजारची रिकामी जागा. परत येऊन एकदा म्हणू दे, तुमच्यावाचून करमलं नाही, की पुढच्या खेपेला आपण गोळी घेऊन निघालोच! त्यानं गोळ्यांचं पाकीट आणून ड्रॉवरमध्ये ठेवलंसुद्धा. वळणांची भीती आता मागे पडली होती. हिला आपल्यावाचून जमलं तर काय, या विचारानं मात्र ती गेल्यावर दोन्ही रात्री त्याला धड झोप लागली नाही.

गुरुवारी ती घरी आली, पण बोलेना. "उद्या ऑफिसात सांगेन," एवढंच म्हणाली. शुक्रवारी पुन्हा टोकन घेऊन समोर बसली.

"काय चुकलं?" त्यानं विचारलं. पेन्सिल हातात तयार.

"ती वाईन चाखायची म्हणजे तोंडात घोळवून थुंकायची म्हणे! पैसे देऊन थुंकायचं? मी आपली गिळली." ती हसली. "बाकी काही म्हणजे काहीच चुकलं नाही."

एकवीस वर्षं ज्या वाक्यासाठी झुरला, ते ऐकून त्याला आनंद काही होईना. मग त्यानं स्वतःच विषय काढला. "आणि बुरुज? तासभर म्हणजे जरा जास्तच झालं असेल, नाही?"

"अहो, तोच तर सगळ्यांत छान!" ती पुढे सरकली. "खाली सगळी दरी आणि वर मी एकटी. कुणाला काही हवं-नको बघायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. तीस वर्षांत असा एक तास मिळाला नव्हता मला. तुम्हाला कसं हो सुचलं?"



"अनुभव," तो म्हणाला.

मग कागद ओढून त्यानं नेहमीच्या बारीक अक्षरात समासात लिहिलं, 'बुरुजावर एक तास. कमी करू नये.' ड्रॉवर उघडून पेन्सिल गोळ्यांच्या पाकिटाशेजारी ठेवली आणि पुढचा नंबर पुकारला.