मणका नव्हे, दारू

मला दारू सोडवायला केंद्रात ठेवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या येडगावात अजूनही लोक विचारतात, फौजी, मणका कसा हाय आता? माझा मणका ठणठणीत आहे. एवढी वर्षं पाठीवर पिठ्ठू वाहिला तरी त्याला काही झालं नाही. बिघडलं होतं ते दुसरंच.

फौजेतून निवृत्त होऊन आलो तेव्हा कॅन्टीनचं कार्ड बरोबर आलं. साबण, तेल, कुकर आणि दर महिन्याला रमचा कोटा. गावात या बाटलीला मोठा मान. कुणाकडे हळद असो, वायरमनकडून डीपीचं काम करून घ्यायचं असो, म्हाताऱ्याच्या छातीत कफ झालेला असो, माणूस आमच्या दारात हजर. आणि गंमत बघा, त्या बाटलीला कुणी दारू म्हणायचंच नाही. दारू म्हणजे गुत्त्यावरची, पिणारा गटारात लोळतो ती. आमची कोट्याची. तिला कार्ड लागतं, रांग लागते. मी आधी संध्याकाळी घ्यायचो, मग जेवणाआधी, मग सकाळच्या चहाआधी. पण दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, म्हणून मला कुणी दारुडा म्हटलं नाही. मी तर मुळीच म्हटलं नाही.

एका सव्वीस जानेवारीला शाळेने झेंडा फडकवायला मला बोलावलं. त्या सकाळी मी एक थेंब घेतला नव्हता. झेंड्यापुढे पिऊन उभं राहायचं नाही, एवढी लाज शिल्लक होती. तीच नडली. हात असे थरथरायला लागले की दोरी धरता येईना. पोरं सावधानमध्ये उभी, सगळ्यांचे डोळे माझ्या हातांवर. शेवटी गुरुजींनी माझ्याकडून दोरी घेतली आणि ओढली. फुलं पडली. मी सॅल्यूट केला, तर तोही हलत होता.

बायको पुढे चालत घरापर्यंत आली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "उपचाराला जाताय का मी कळंबला लेकीकडं जाऊ? गेले तर परत येनार न्हाई." ती उगाच बोलणारी बाई नाही. दुसऱ्या दिवशी माजी सैनिकांच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेतली आणि पुण्याजवळच्या केंद्रात दाखल झालो.

तिथल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, दारू किती वर्षं पिता? मी ताठ बसून सांगितलं, मॅडम, दारूला मी शिवत नाही, फक्त रम घेतो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते कागदावर जसंच्या तसं लिहिलं आणि रोज माझ्याकडून मोठ्यांदा वाचून घ्यायला लागल्या. पहिले काही दिवस नुसता घाम, उलट्या, भिंतीवर नसलेल्या मुंग्या. मग एक दिवस ते वाक्य वाचताना मला माझाच असा संताप आला की कागद टराटरा फाडला. बाई म्हणाल्या, आता उपचार सुरू झाला. घरी सोडताना त्यांनी एवढंच बजावलं, की बाटली घरात नको, आणि दिसली तर हातही लावायचा नाही, ओतून द्यायलासुद्धा नाही. हुकूम मला कळतो.

नारायणगावला उतरून जीपने घरी आलो, तर अंगणात भावकी जमलेली. चुलीवर मटण. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, बेत केला होता. मी मणक्याच्या उपचाराला गेलोय ही थापही गावभर त्यानेच मारलेली. ओसरीवर पेले मांडलेले आणि मधोमध माझा महिन्याचा अख्खा कोटा. माझं कार्ड घेऊन, माझ्या एका जुन्या साथीदाराला बरोबर घेऊन, ओळखीपाळखीने तो आणला कुणी? बायकोने. का, तर महिना संपला की कोटा बुडतो! नवरा दारूपायी केंद्रात, आणि घरात काळजी कोट्याची. पण तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. आमच्यात कोटा सोडणं म्हणजे ताटात अन्न टाकणं.

दादा कानाशी लागला, तू नको घेऊ, पण पावण्यांना तरी दे. तेवढ्यात कुणीतरी झाकण फिरवलं. खोटं कशाला बोलू, त्या आवाजाने मी दोन पावलं पुढे सरकलो. ओसरीवर गेलो तर पेला उचलणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी ओसरीची पायरीच चढलो नाही. बॅग अंगणात उन्हात टाकली आणि तिच्यावर बसलो.

"माझ्या मणक्याला कायबी झालेलं न्हाई," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "मी दारुडा हाये. दारू सोडायला गेलो व्हतो. त्या बाटल्या घरात हायेत तवर मी आत येनार न्हाई."

दादा लालबुंद झाला. चारचौघांत घराची अब्रू घालवलीस म्हणाला. अब्रू! झेंड्याखाली गेली ती काय शेजाऱ्याची होती? मी बॅगेवरच बसून राहिलो. काही पावणे न जेवता निघून गेले, मटण गार झालं, ऊन डोक्यावर आलं. मी हललो नाही.

मग बायको बाहेर आली. पदर खोचलेला, टोपल्यात सगळ्या बाटल्या. दादा आडवा आला, अगं कोटा हाय तो, म्हणाला. या थोरल्या दिरापुढे तिने आजवर मान वर केली नव्हती.

"मी आनल्या, मीच ओतते," ती म्हणाली. दादा बाजूला झाला.

ती उकिरड्यापाशी गेली. वास आला तसं मी तोंड गावच्या धरणाकडे फिरवलं आणि पाण्याकडे बघत राहिलो. ती परत आली ती सरळ नळावर. साबणाने हात धुतले. नाकाशी नेले, परत धुतले. पुन्हा नाकाशी नेले, पुन्हा धुतले. मग ओल्या हाताने माझी बॅग उचलली.

"चला आत," ती म्हणाली, "मटान गरम करते."