पिवळ्या स्वेटरचं माप

काल व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता माझी धाकटी बहीण सुजाता एक पिवळा स्वेटर उसवत होती. चांगला पुरा झालेला, बटणं लावलेला स्वेटर. शेजारी बसून तिचा नवरा महेश लोकरीचा गुंडा करत होता. हे तिसऱ्यांदा.

दोघं कॅनडात असतात. आपल्या इकडच्या एका अनाथालयातली मुलगी त्यांना दत्तक मिळायची आहे. फोटो आला तेव्हा ती मांडीवर मावेल एवढी होती. आता म्हणे स्वतःची चप्पल स्वतः घालते. कागद मात्र अजून रांगतच आहेत.

परवा त्यांच्या वतीने मी दत्तकाच्या कचेरीत गेलो. "त्यांच्या घरच्या पाहणीचा अहवाल जुना झाला, नवा आणा," साहेब म्हणाले. जुना झाला तो त्यांच्याच कपाटात! वर चहाचा घोट घेत म्हणाले, "धीर धरावा माणसानं."

या शब्दाची मला आता शिसारी आली आहे. धीर धरा म्हणणाऱ्याचं स्वतःचं काहीच अडलेलं नसतं. नातेवाईकही तसलेच. तोंडावर "किती श्रद्धा हो दोघांची!" आणि पाठ वळली की "परक्याचं पोर" म्हणून नाक मुरडायचं.

"उसवताना जीव तुटत नाही तुझा?" मी चिडून विचारलं.

"नाही रे दादा. ती वाढतेय, एवढं तरी कळतं."

"आता तीन वर्षांच्या मापाचा ना?"

तिने महेशकडे पाहिलं. तो खाली मान घालून गुंडाळत राहिला.

"चारच्या मापाचाच विणायला घेते," ती म्हणाली.