परबांचा घसा आणि चाळीचा हुकूम

माझ्या डॉक्टरकीचं श्रेय आधी रामपुरे मास्तरांना. सातवीच्या वर्गात मी शंका मनातच ठेवून बसायचो, तेव्हा ते म्हणायचे, "मूग गिळलेस का रे? पोटात उगवतील." पुढे परळच्या एका हॉस्पिटलात मी हाउसमन झालो, म्हणजे वॉर्डातला सर्वांत धाकटा डॉक्टर. तिथे मोठ्या साहेबांच्या, म्हणजे मुख्य सर्जनच्या, राउंडच्या वेळी मूग गिळून उभं राहणं हीच मुख्य ड्यूटी होती.

त्या सकाळी आम्ही धोंडू परबांच्या बेडपाशी होतो. राहणार लालबाग, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्यांच्या चाळीच्या घोषणा त्यांच्याच आवाजात निघत. आता ताप होता, मान सुजली होती, बोट लावू देत नव्हते.

"पू झालाय," मोठे साहेब म्हणाले. "उद्या उजवीकडे चीर देऊ."

आवाजाची नस तिथूनच जाते; ती दुखावली की आवाज गेला.

"दुखतं कुठे?" साहेबांनी विचारलं. परबांनी नुसतं बोट ठेवलं.

"मुका आहे का हा?"

"नाय साहेब," परबांच्या बायकोने सांगितलं. "चाळ कमिटीचा हुकूम हाय. शिवाजी पार्कच्या सभेपर्यंत बोलायचं नाय. घोषणा देऊन घसा गेला ना त्यांचा."

साहेब पुढच्या बेडकडे वळले. मला मात्र ते बोट खटकलं. चीर उजवीकडे ठरली होती आणि बोट डावीकडे होतं.

राउंड संपल्यावर मी परत गेलो. "परब, तोंडाने सांगा. आधी कुठे दुखलं?"

परबांनी बायकोकडे पाहिलं.

"बोला ओ," ती म्हणाली. "कमिटीक मी बघतंय."

परब बोलले. आवाज खणखणीत. घसा बसलाच नव्हता. आधी फ्लू झाला. मग जबडा दुखला, दातवाल्याने दाढ काढली. मग कान दुखला, कुणी थेंब टाकले. मग मान उजवीकडे, आणि परवापासून डावीकडे. "हात थरथरतात, छाती धडधडते. चाळीत म्हणतात, पोलिसांना घाबरलास."

गळू असं बिऱ्हाड बदलत नाही. मानेत पुढच्या बाजूला थायरॉइड ग्रंथी असते. तिचा रस शरीराचा वेग ठरवतो. फ्लूसारख्या तापानंतर कधी कधी ती सुजते, आणि दुखणं एका बाजूकडून दुसरीकडे सरकतं, जबड्यात-कानातही उमटतं. साठवलेला रस एकदम सांडतो, म्हणून धडधड. दुसऱ्या एका प्रकारात शरीर आपल्याच ग्रंथीवर उलटतं. तिथे सहसा दुखत नाही. ग्रंथी हळूहळू मंदावते, मग माणूसही. पू होणं हा निराळाच प्रकार, आणि दुर्मीळ.

मी साहेबांच्या खोलीत गेलो. "सर, पू नसावा. आधी सुईने बघू या का?"

"कुठला रे तू?"

"देवगडकडचा, सर."

"मग आंबे सोडून गळवात कुठे शिरलास?"

पण सुई घातली. पू आला नाही. साहेब सुईकडे फितुराकडे बघावं तसे बघत राहिले. चीर रद्द झाली. ॲस्पिरिन आणि विश्रांती सुरू झाली.

सभा झाल्यावर मी पत्र टाकलं:

"ती. मास्तरांस सा. न.

परब बरे आहेत. आवाज शाबूत आहे. रस सांडून संपल्यामुळे सध्या सुस्तावलेत. सभेत घोषणा दिल्या, पण इतक्या सावकाश की लोकांनी मधेच टाळ्या वाजवल्या. ग्रंथी भरली की वेगही येईल. चाळ कमिटी म्हणते, मौनाने गुण आला. साहेब म्हणतात, पू नसल्याचा त्यांना संशय होताच. मी दोन्हीकडे मूग गिळले. एकदा तोंड उघडलं, ते तुमच्यामुळे.

परबांची दाढ मात्र हकनाक गेली."