अकरा वर्षं हातात धरलेली सायकल

पालिकेची सायकल अकरा वर्षं माझ्याकडे होती आणि त्या अकरा वर्षांत मी तिच्यावर एकदाही बसून कामाला गेलो नाही. मला सायकल येत नव्हती. आता नोकरी संपली, लिहायला हरकत नाही. तेव्हा हे फक्त माझ्या बायकोला माहीत होतं.

मी आधी ऑफिसच्या फाटकावर स्टूल टाकून बसायचो. टपाल वाटायची जागा निघाली तेव्हा बडेबाबूंनी आम्हा दोघा जणांना आत बोलावलं. बडेबाबू म्हणजे मोठे कारकून, साहेबाच्या खालोखाल त्यांचाच हुकूम. माझ्या आधीच्याला त्यांनी विचारलं, "सायकल येते काय गा?" तो खरं बोलला, आणि गेला परत फाटकावर. मग मला विचारलं. मी चौथी शिकलेला माणूस, पण 'नाही' म्हटल्यावर काय होतं ते डोळ्यासमोर झालं होतं. म्हटलं, "येते नं. काहून नाही येणार?"

मनात होतं, आठ दिवसांत शिकून घेऊ. दोनदा पडलो. गुडघा फुटला तो फुटला, वर नळावरच्या बाया हसल्या. म्हटलं, बस झालं. आपल्याला पाय दिले आहेत.

तेव्हापासून मी सायकल हातात धरून चालायला लागलो. घर लकडगंजात, लाकडाच्या टालांच्या, म्हणजे वखारींच्या मागं. पिशवी हँडलला, फायली मागं कॅरिअरवर जुन्या ट्यूबनं आवळलेल्या. इतवारी, गांधीबाग, महाल, जिथलं टपाल असेल तिथं. दुसरे निघायचे त्याच्या तासभर आधी मी निघायचो, म्हणून टपाल कधी उशिरा गेलं नाही. रस्त्यात कोणी विचारायचं, "काका, पंचर झाली काय?" मी म्हणायचो, "हो नं." रोजची पंचर. पण विचारणारा रोज वेगळा, त्यामुळं निभावलं.

बसायचं नाही म्हटल्यावर सायकल झिजणार कुठून? रविवारी मी तिची चेन रॉकेलनं धुवायचो, रिमला खोबरेल लावून पुसायचो. नवे साहेब आले, ते पुण्याकडचे. त्यांनी सगळ्या सायकली पाहिल्या आणि माझ्या सायकलपाशी थांबले. "हे बघा," सगळ्यांना म्हणाले, "दहा वर्षं वापरलेली सायकल. सरकारी वस्तू अशी वापरावी." मी मान ताठ करून उभा राहिलो. लाजायचं होतं की फुगायचं होतं, मला समजलं नाही. मी फुगलो.

मग ते पेट्रोलच्या टंचाईचं साल आलं. पंपावर रांगा लागल्या, साहेबाच्या जीपलाही मोजून पेट्रोल मिळायला लागलं. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. म्हणाले, "पेट्रोल मिळत नाही, मोटारींचा धूर वाढतो आहे. लोकांना सांगायचं तर आधी पालिकेनं करून दाखवलं पाहिजे. सोमवारी कुणीही गाडी आणायची नाही. पायी या, नाहीतर सायकलवर या. मग सगळे मिळून वॉर्डातून फेरी काढू."

मी विचारात पडलो. धूर आमच्याकडं होता, पण तो चुलीचा, शेगडीचा आणि गिरणीच्या चिमणीचा. ऑफिसात साहेबाची जीप सोडली तर गाडी होती कोणाकडं? बडेबाबूसुद्धा सायकलवरच यायचे. मी त्यांना गाठलं.

"बडेबाबू, म्या तं जिंदगीत थेंबभर पेट्रोल जाळलं नाही. जे जाळलंच नाही ते म्या वाचवू कसं?"

"तू तोंडाची वाफ वाचव," बडेबाबू म्हणाले. "साहेबानं तुले फेरीच्या पुढं ठेवलं आहे. सगळ्यात चकाचक तुही सायकल, तं हँडलले पाटी बांधून सगळ्यात पुढं तू."

त्या दिवशी सायकल घेऊन घरी आलो ते पाय ओढतच. खरं सांगितलं तर टपाल जाणार, फाटकावरचं स्टूल येणार, आणि अकरा वर्षं खोटं वागला म्हणून सगळं ऑफिस बोट दाखवणार. सोमवारला चार दिवस होते. चारही दिवस उजाडताना मी आणि बायको टालामागच्या मोकळ्या जागेत. मी सीटवर, ती मागून कॅरिअर धरून.

"अजी, चाकाकडं काय पाहता? समोर पाहा नं!"

"तू सोडू नको वं."

"म्या कुठं सोडली? तुम्हीच आडमुठ्या बैलावानी एकाच बाजूले ओढून राहिले."

पडलो. उठलो. सागाच्या ओंडक्यांवर जाऊन आदळलो. चौथ्या दिवशी ती धापा टाकत खालीच बसली.

"साहेबाले सांगून द्या नं, येत नाही म्हणून."

"नाही सांगत."

"मंग पडा उद्या समद्या गावासमोर," ती म्हणाली आणि चहा करायला गेली.

सोमवारी ऑफिससमोर पंचवीसेक सायकली उभ्या. माझ्या हँडलला पाटी: 'पायी चला, सायकल चालवा'. रंगाऱ्यानं लाल अक्षरांत लिहिली होती. बघे जमले. साहेब आले ते जीपमधून. मागून त्यांची कोरी सायकल उतरवली. मी बडेबाबूंकडं पाहिलं, बडेबाबूंनी आभाळाकडं पाहिलं.

साहेब सायकल धरून माझ्या बाजूला उभे राहिले. "चला काका, बसा. तुम्ही निघालात की आम्ही मागोमाग."

माझे हात हँडलवर घट्ट. पाय उचलेना. मागून बडेबाबू खेकसले, "अबे, बस नं गा!" माझी नजर पाटीवर गेली. तिच्यावर पहिलं काय लिहिलं आहे ते मी आता नीट वाचलं.

म्हटलं, "साहेब, पाटीवर आधी 'पायी चला' लिहिलं आहे. मंग पुढचा माणूस पायीच पाह्यजे. म्या पायी चालतो."

साहेबांनी पाटी वाचली, माझ्या गुडघ्यावरचं ताजं खरचटलेलं पाहिलं, मग स्वतःच्या कोऱ्या सायकलकडं पाहिलं. म्हणाले, "बरोबर आहे. चला, पायीच."

आणि तेही सायकल हातात धरून चालायला लागले. साहेब बसत नाही म्हटल्यावर कोण बसणार? पंचवीस माणसं पंचवीस सायकली ढकलत माझ्या चालीनं वॉर्डभर फिरली. पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं, "काहून गा, समद्याइचीच पंचर झाली काय?" लोक पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. मी वळणावर कोणाची टांग अडकत नाही ना, ते पाहत होतो. ढकलायची सवय मला एकट्यालाच होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं.

"खरं सांगा. येते का?"

"नाही."

"मग सायकल इथं ठेवा. टपाल तुमचंच, पण पायी वाटा. तुमच्याइतकं पायी कोणी चालत नाही."

ही शाबासकी होती की शिक्षा, ते बाहेर आल्यावर मी बडेबाबूंना विचारलं. ते म्हणाले, "मले काय पुसून राहिला? साहेबालेच पूस." मी पुसलं नाही.

सायकल एका कारकुनाला दिली. तो तिच्यावर बसून यायचा, शीळ घालत. पावसाळा लागेपर्यंत रिम गंजली, चेन लोंबायला लागली. मी खांद्यावर पिशवी आणि काखेत फायली घेऊन चालायचो आणि पहिल्यांदा माझं टपाल उशिरा जायला लागलं. लोक विचारायचे, "काका, सायकल कुठं गेली?" मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घ्यायचो. पंचरचं बरं होतं.

पुढं पेट्रोल पुन्हा मिळायला लागलं. जीप रोज फिरायला लागली. त्या कारकुनानं स्कूटर घेतली आणि सायकल ऑफिसमागच्या भिंतीला टेकून पडली. वाचवलेलं पेट्रोल कुठं गेलं म्हणावं तर ते असं त्याच्या स्कूटरमध्ये गेलं असेल, मला दुसरं काही सुचत नाही.

एका सकाळी मी कोणाला न विचारता तिला भिंतीपासून काढलं. रॉकेल आणलं, चेन धुतली, हवा भरली, पिशवी हँडलला अडकवली आणि निघालो. साहेब खिडकीत उभे होते. त्यांनी पाहिलं आणि खिडकीतून बाजूला झाले. ते स्वतः सायकलवर बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

इतवारीच्या वळणावर एकानं विचारलं, "पंचर काय काका?"

"हो नं," म्हटलं. टपाल वेळेवर पोचलं.