मोतीच्या भातावरचं तेल

अ‍ॅलर्जीमुळे खाजवून खाजवून आमच्या मोतीचं पोट लालभडक झालं होतं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या. आज सासूबाईंनी स्वतः टाचणीनं कॅप्सूल फोडून तेल त्याच्या भातावर पिळलं. स्वयंपाकघरभर वास सुटला. माझ्या माहेरचा वास.

"आई, शेजारीच देवघर आहे," मी म्हटलं.

"अगं, औषधाला कसला विटाळ?"

लग्नानंतर माहेरून आणलेली सुक्या बांगड्यांची पुडी याच बाईंनी चिमट्यानं उचलून बाहेर फेकली होती. वर मला डोक्यावरून आंघोळ करायला लावली. विटाळ माशाला नसतोच. तो कुणाच्या तोंडी जाणार, त्यावर ठरतो.

"बघ, किती आवडीनं खातोय!" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

मी त्याची ताटली घासायला घेतली. साबण लावण्याआधी क्षणभर नाकाशी धरली.