थोरली गौर कुणाच्या हाती

माणूस म्हातारं कधी दिसायला लागतं, हे सहसा कुणाला नेमकं सांगता येत नाही. मला येतं. मी गौरी आणायच्या संध्याकाळी, माझ्या भावाच्या पेणच्या घरामागच्या विहिरीपाशी, तोंडात पाणी असताना म्हातारी दिसायला लागले. त्याच्या आदल्या मिनिटापर्यंत मी धाकटी होते. साक्षीदार पुष्कळ होते आणि त्यातल्या एकानेही माझी बाजू घेतली नाही.

आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तिला रोह्याला दिली. मेहुण्यांची कंपनीत शिफ्ट ड्युटी, त्यामुळे तिचं घर कायम अर्धं झोपलेलं आणि अर्धं जागं. मला पेणमध्येच दिली. मी शाळेत शिकवत होते आणि त्या वर्षी नुकतीच रिटायर झाले होते. भाऊ आमच्या पाठचा, माहेरचं घर त्याच्याकडे.

धाकटी असणं ही काय चैन आहे, ते धाकट्यांनाच माहीत. एसटीत खिडकी मी घ्यायची, कंडक्टरशी भांडायचं ताईने. सासरी मी कितीही शहाणी असले, तरी ताई रोह्याहून उतरली की मी आपोआप लहान व्हायचे. माझं काही चुकलं की सगळे म्हणायचे, जाऊ दे, धाकटी आहे ती. मला स्वतःला सून आली तरी म्हणायचे. मी कधी हरकत घेतली नाही.

आमच्याकडच्या गौरी मुखवट्यांच्या. दोन्ही मुखवटे पेणजवळच्या जोहे गावातल्या एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून निघालेले. थोरली कुठली आणि धाकटी कुठली, ते नाकाडोळ्यांवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. थोरलीच्या कानामागे काजळाचा ठिपका आहे, तेवढीच खूण. रंग उडाला की दोघींना जोह्याला पाठवायचं, परत येतात त्या नव्या नवऱ्या होऊन. अशी सोय माणसांसाठी का नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

थोरली गौर घरच्या थोरल्या लेकीने आणायची आणि धाकटी धाकटीने, हा आमच्या घरचा कायदा. विहिरीवर जायचं, तोंडात पाण्याची चूळ धरायची, मुखवट्याचं ताट हातात घ्यायचं, आणि गौर मखरात बसेपर्यंत चूळ टाकायची नाही. म्हणजे बोलायचं नाही. एकदा घेतलेलं ताट दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. आणि ज्या हातांनी थोरली गौर आत आली, त्याच हातांनी दुसऱ्या दिवशी घावनं करायची. धाकटीच्या हातांनी काय करायचं, याबद्दल आमच्या घराण्याने काहीही ठरवलेलं नाही. धाकटीने घावनं खायची. मी ती जन्मभर खाल्ली, तव्यावरून थेट पानात, जाळीदार, वाफाळलेली, शेजारी गूळ-नारळाच्या रसातल्या घाटल्याची वाटी. ताई तव्यापाशी उभी असायची आणि सगळ्यांच्या शेवटी गार झालेली दोन खायची.

त्या वर्षी वहिनीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ती पलंगावरून हुकूम सोडत होती आणि सगळं करत होती तिची नवी सून. मुलगी घाटावरची, साताऱ्याकडची, लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. गुणी पोर आहे, हे मी आज म्हणते. लग्नानंतर ती नवऱ्याच्या नोकरीच्या गावी राहायला गेली, त्यामुळे आम्हा दोघींना तिने एकदाच, लग्नाच्या गर्दीत पाहिलेलं. सासूने तिला पढवून ठेवलं होतं, थोरली मोठ्या आत्यांना, धाकटी छोट्या आत्यांना. काजळाचा ठिपकाही दाखवला होता. फक्त आत्या दाखवायच्या राहिल्या.

तर आम्ही दोघी विहिरीवर उभ्या, चुळा भरून, गाल फुगवून. सून दोन ताटं घेऊन आली. तिने ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत ताईकडे पाहिलं. अगदी नीट विचार केला तिने. तोच विचार मला जास्त झोंबला. मग थोरल्या गौरीचं ताट माझ्या हातात देऊन म्हणाली, "मोठ्या आत्या, सांभाळून हं, पायरी निसरडी आहे."

मी "गूं गूं" केलं. ती म्हणाली, "हो हो, जड आहे ना? थांबा, मी कोपराला धरते." मी डोळे वटारले. एवढ्यानेच मी दहावीचा अख्खा वर्ग गार करत असे. तिला वाटलं माझा श्वास कोंडला, ती पाठीवरून हात फिरवायला लागली. मी ताईकडे पाहिलं. आजवर माझं प्रत्येक भांडण तिनेच निस्तरलेलं, तेव्हा हेही निस्तरील अशी माझी खात्री होती. तर ताई फुगलेल्या गालांनी, खांदे गदागदा हलवत हसत होती. धाकट्या गौरीचं ताट तिने छातीशी घट्ट धरलं होतं. जसं काय मी हिसकावूनच घेणार होते!

मग काय, मी पुढे आणि ती मागे. दारात ताट-चमचा वाजला, पायांवर पाणी घातलं, कुंकू लागलं. माझा भाऊ, माझा नवरा, माझा भाचा, सगळे ओळीने उभे होते आणि सगळ्यांना उलटापालट दिसत होती. एकाच्याही तोंडात चूळ नव्हती, पण बोललं कुणीच नाही. सगळ्यांना हसू दाबण्याचंच काम पुरत होतं.

मखरात गौरी बसल्याबरोबर मी मोरीकडे धावले. ताई माझ्या आधी पोचली होती. सून स्वयंपाकघरात गेलेली बघून तिने बाकीच्यांना दटावलं, "पोरीला कोणी काही सांगायचं नाय. तिची पहिली गौर हाय. चूक झाली असं तिच्या मनाला लागायला नको." वा! केवढं मोठं मन! आणि मग माझ्याकडे बघून डोळा मारला. बासष्टाव्या वर्षी डोळा मारणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

पुढचे हाल विचारू नका. "मोठ्या आत्यांना खुर्ची द्या." "मोठ्या आत्यांचा चहा बिनसाखरेचा केलाय." मी गोड चहाची माणूस, पण मला विचारतो कोण. झोपायच्या वेळी माझ्या उशाशी झाकणाचा एक छोटा डबा आणून ठेवला, "असू द्या, लागला तर." कशाला लागणार ते मला सकाळी दात घासताना कळलं. माझे दात माझे स्वतःचे आहेत, सगळेच्या सगळे! आणि ताईला काय, "छोट्या आत्या, तुम्ही येता का माझ्याबरोबर गच्चीवर? तुम्हाला जमेल."

सकाळच्या चहाला, सून फुलं आणायला गेलेली असताना, मी बैठकच बोलावली. म्हटलं, खरं सांगा, मी हिच्यापेक्षा म्हातारी दिसते का आणि कशामुळे दिसते. विचारायला नको होतं. एरवी पाण्याचा तांब्या कुठे आहे ते ठाऊक नसलेल्या पुरुषांना याचं उत्तर पाठ होतं. भाऊ म्हणाला, "तुझ्या चष्म्याची ती साखळी." भाचा म्हणाला, "आत्या, तू खुर्चीतून उठताना 'चला' म्हणतेस. कुठे जायचं नसलं तरी म्हणतेस. 'चला' म्हणून उठणारा माणूस म्हाताराच." वहिनी पलंगावरून ओरडली, "ताईंनी केस कापलेत, आणि रोज सकाळी कुंडलिकेच्या काठाने चालतात!" मी ओरडले, "पेणला काय नदी नाय? मी भोगावतीच्या काठाने चालेन!" यावर आमचे हे बोलले. ते न बोलले तर कसं चालेल? "त्या कपाळावरच्या दोन उभ्या आठ्या," हे म्हणाले, "पोरांवर ओरडून पडल्यात. तुझ्या नोकरीच्या आधी त्याच पर्मनंट झाल्या." स्वतः लग्नाच्या तिसऱ्या वर्षापासून टकले आहेत, पण पुरुषाचं टक्कल म्हणे भारदस्त दिसतं.

सुनेला चष्मा लागला असेल, हे एकालाही सुचलं नाही.

मी उठले. "चला" म्हणाले नाही, ओठ आवळून उठले.

दुपारी घावनांची वेळ आली. मला वाटलं, आता तरी ताईला दया येईल. ती नैवेद्याचं बाकीचं पान वाढून झाल्यावर सरळ माझ्या नेहमीच्या पाटावर जाऊन बसली, मांडी घालून. मी पीठ कालवलं आणि बिडाचा तवा तापवला. पहिलं घावन फाटलं. दुसऱ्याचा नकाशा झाला. तिसरं तव्याने ठेवूनच घेतलं. नैवेद्यापुरती दोन कशीबशी निघाली. सून माझ्यामागे स्टूल घेऊन उभी होती, मी दमून पडले तर बसवायला. ती हळूच म्हणाली, "मोठ्या आत्या, इतक्या वर्षांत हात बसला नाही का हो?" मी म्हटलं, "तवा बदललाय." तवा माझ्या आजीच्या वेळचा होता.

पाटावरून ताईची हाक आली, "ताई, अजून एक आण गो! ह्याला जाळी नाय पडली."

ताई! मला ताई! सून पातेलं घेऊन विहिरीवर पाण्याला गेली होती, तेवढ्यात मी घावन घेऊन तरातरा गेले, तिच्या पानात आपटलं आणि दातओठ खात म्हटलं, "पुरे झाला हा खेळ. आता सांगते मी तिला."

ताईचा घास थांबला. "सांग," ती म्हणाली. मग घाटल्यात बोट बुडवून चाटलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी चार वर्षांची होते गो, तू झालीस तेव्हा. आदल्या दिवशी मी आईच्या मांडीवर होते आणि दुसऱ्या दिवशी मोठी. मोठी आहेस ना, दे तिला. मोठी आहेस ना, रडू नको. रोह्याला गेले तर तिथेही थोरली सून. ह्या घरात गरम घावन कसं लागतं, तेच मला माहीत नव्हतं. आज कळलं. मस्त लागतं."

मला राग आला. खरंच सांगते, आधी रागच आला, कारण आता मला धड रागावताही येईना. पण माझा बेत मी सोडला नव्हता. अजून एक घावन हिला द्यायचं आणि मग सुनेला सांगून टाकायचं. अठ्ठावन्न वर्षं सांभाळलेली माझी जागा होती ती. दोन दिवसांत कुणी येऊन घेऊन जावी, इतकी स्वस्त नव्हती.

मला सांगावंच लागलं नाही. मागच्या आळीतली म्हातारी गौरी बघायला आली. आम्हा दोघींना तिने झबल्यात पाहिलेलं. दर्शन घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थबकली.

"अगो बाय, हे काय? मोठी पाटावर नि धाकटी तव्यापाशी? असं उलटं कसं झालं गो?"

पाणी घेऊन परत आलेली सून हातातल्या पातेल्यासकट जागच्या जागी उभी राहिली. "मोठी कोण?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

चला, झालं माझं काम, मी मनात म्हटलं. मला तोंडसुद्धा उघडावं लागणार नव्हतं. आणि मी ताईकडे पाहिलं.

ताईने पान बाजूला सारलं. अर्धं घावन त्यात तसंच होतं. तिने जमिनीला हात टेकला, "आई गं" म्हणत एक गुडघा वर घेतला. खांदे उतरले, मान पुढे आली, ओठांच्या कडा खाली गेल्या. दोन दिवस जी बाई मला छळत होती, ती बघता बघता नाहीशी झाली आणि तिच्या जागी बासष्ट वर्षांची एक दमलेली बाई कंबरेला पदर खोचत उठायला लागली. कुंडलिकेचा काठ, कापलेले केस, काही म्हणता काही उरलं नाही. माणूस म्हातारं कशाने दिसतं ते मी उभ्या उभ्या पाहिलं.

"सरक," ती मला म्हणाली. "मी करते. तू बस."

पाट रिकामा होत होता. मी फक्त गप्प राहायचं होतं.

"बस खाली!" मी ओरडले. दहावीच्या वर्गातला आवाज तो, रिटायर झाला तरी कुठे जातो. ताई मटकन बसली. घाबरून सूनही बसली, तिच्याच स्टुलावर.

मी म्हातारीकडे वळले. "आजी, डोळ्यांचं ऑपरेशन कधी करताय? मला ओळखत नाय तुम्ही? मोठी मी. ही धाकटी."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. ताईच्या हनुवटीला घाटलं लागलेलं होतं आणि ती माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होती. म्हातारीने पदराने डोळे पुसले.

"व्हय गो," ती म्हणाली. "नाय दिसत मेलं आजकाल. तू मोठी. मोठीच तू."

सुनेने केवढा तरी श्वास सोडला. पातेलं खाली ठेवून ती माझ्यापाशी आली आणि कौतुकाने माझा हात धरला. "बाई, मी किती घाबरले होते! पण मला वाटलंच होतं, मोठ्या आत्या. चेहऱ्यावरच दिसतं हो तुमच्या."

ताईला असा काही ठसका लागला की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हसण्याचंच होतं का, ते मी विचारलं नाही. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, "सावकाश खा" म्हटलं, आणि पुढचं घावन तव्यावर घातलं.